गोल्डन हिट्स, बाजू पहिली

बेंगळुरूचा एक पोरगा आला होता, जुन्या तबकड्या हुडकत,
आणि सहा महिन्यांनी अशोक चौकात पार्सल आलं:
द बॉबिन्स, गोल्डन हिट्स. गाणी चौदा.

आता हिट म्हणजे काय ते मला विचारा.
पहिल्या गाण्याच्या दोनशे साठ तबकड्या खपल्या,
त्यातल्या चाळीस हेझलच्या बापाने घेतल्या.
इंजिन ड्रायव्हर होता,
वाडीपर्यंत स्टेशनमास्तरांना वाटत गेला.
उरलेली तेरा गाणी याहून कमी गाजली.
तरी अक्षरं सोनेरी. असू दे.

फोटो रेल्वे इन्स्टिट्यूटमधला, नाताळ, चौसष्ट साल.
चौघांच्या अंगावर एकाच ताग्याचं ड्रिल,
बापाने मिलमधून सेकंडचा माल म्हणून आणलेलं,
हेझलचा झगासुद्धा त्यातलाच.
वरचा आवाज तिचा.
तिच्याखाली व्यंकटेश म्याकल, इंग्रजी शून्य,
पण उच्चार असा की साहेबाने वळून बघावं.
तळाशी सॅम्युएल रणनवरे, मिशन शाळेतला.
आणि उजव्या कडेला एक खांदा, अर्धा कान
तो मी, अंबादास गुर्रम.
कापणाऱ्याला चादरीचा काठ वाटला असेल.

तिसऱ्या आवाजाचं असं असतं,
तो गाण्यात असतो, गाणं त्याच्यात नसतं.
चाल हेझलकडे, ठेका सॅम्युएलच्या पोटात,
मी आपला दोन सुरांवर येरझाऱ्या घालणारा,
आणि शेवटच्या ओळीत एक सूर असा
की एकट्याने लावला तर कुत्रं उठून जाईल,
तिघांच्या मध्ये ठेवला
की पत्र्याच्या हॉलात दिवे आल्यासारखं व्हायचं.

पेटी नव्हती. पाचचा भोंगा झाला
की तोच धरून आम्ही सूर लावायचो.
म्हणून चौदाच्या चौदा गाणी एका पट्टीत.
बेंगळुरूच्या पोराला यात काहीतरी फार खोल दिसलं होतं.
मी त्याला भोंग्याचं सांगितलं नाही.

मग हेझल पर्थला गेली. सॅम्युएल मातीत.
व्यंकटेश भिवंडीला गेला, तो गेलाच.
माझी एकुलती तबकडी
मे महिन्यात गच्चीवर पापडासारखी वाकली.
राहिलं ते गुणगुणणं, लूम दुरुस्त करता करता,
दाढी करताना, रेशनच्या रांगेत,
दोन सूर, कधी तीन.
नरसम्मा लग्नाच्या आठव्या दिवशी म्हणाली,
'सूर नाही ओ तुम्हाला. गप बसा की.'
तिला काय सांगणार? की हे गाणं नव्हे,
गाण्याच्या आतलं अस्तर आहे?
बेचाळीस वर्षं मी बेसूर माणूस म्हणून जेवलो.

काल दुपारी शेजाऱ्याचा प्लेयर आणला.
सुई टेकली. आधी नुसती खरखर,
शेंगा भाजताना होते तशी,
मग हेझल, वीस वर्षांची.
नरसम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
मान वर नाही.
दुसऱ्या कडव्याला मी सवयीने तोंड मिटून लागलो,
आपले दोन सूर.
तिची बोटं थांबली.
पान अर्धं वळलेलं, तंबाखू सांडलेली.
तिने प्लेयरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा प्लेयरकडे.

'हे तर तुमचंच,' ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
पंचवीसची जुडी बांधली, त्यात सव्वीस निघाल्या,
तिच्या हातून असं कधी होत नाही.

'बाकीच्यांना जरा हळू करा की.'

नॉब एकच होता.
मी फिरवला.
चौघंही हळू झालो.